भावकीचा मुराळी

येडशीच्या शिवारात रामलिंगतात्यांना कोणी शेतकरी म्हणून ओळखत नाही. साडेतीन एकर रान आहे, सोयाबीन निघतं, दावणीला आठ-दहा शेळ्या आहेत. पण एवढं तर इथं ज्याच्या-त्याच्याकडं आहे. तात्यांची ओळख मुराळी म्हणून. सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो, तो मुराळी. इतर घरांत हे काम वर्षातून एकदा कोणा भावाच्या नाहीतर चुलत्याच्या गळ्यात पडतं आणि तो कुरकुरत उरकतो. तात्यांनी ते पंचेचाळीस वर्षं सबंध भावकीसाठी केलं आणि हौसेनं केलं. आधी छकड्यातून, मग एसटीनं, मग वडापच्या जीपनं. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी कारण विचारलंच तर म्हणत, "लोकांच्या बायका आणता आणता म्हातारा झालो, माझी आणायला सवड कुणाला व्हती?"

यात हौस कसली, असं ज्याला वाटतं त्यानं पंचमीच्या तोंडावर एखाद्या व्याह्याच्या दारात जाऊन बघावं. सून कामाची असते, खुरपणी चालू असते, आणि सासूला नेमकं त्याच आठवड्यात कंबरदुखी सुरू होते. तरणे भाऊ जातात, दारातूनच "कधी धाडताव?" असं विचारतात आणि दोन दिवसांनी एकटे परत येतात. तात्या दारात गेले की लेकीचं नावच काढत नसत. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, बसायचे, बैलांची चौकशी करायचे, पाऊस कुठं कमी पडला ते सांगायचे, सोबत आणलेल्या शेंगापोळ्यांचं गाठोडं सोडायचे. सासऱ्याबरोबर पोटभर जेवायचे आणि वर जेवणाची तारीफ करायचे. मग टोपी डोक्यावर ठेवत सहज म्हणायचे, "बरं, निघावं म्हणतो. पोरीला लुगडं बदलायला सांगा." ज्याच्याबरोबर आत्ताच जेवलो त्याला नाही कसं म्हणायचं, अशी व्याह्याची पंचाईत व्हायची. कळंबच्या एका खमक्या व्याह्याकडं ते दोन दिवस असेच बसून राहिले होते. तिसऱ्या दिवशी त्यानंच गाडी जुंपून दिली.

हे झालं आणण्याचं कसब. पण लेकींना तात्या हवे असायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. तात्यांच्या पोटात गोष्ट राहायची. त्यांना पहिल्यांदा धाडताना वडिलांनी, म्हणजे बापूंनी, बजावून सांगितलं होतं की तिकडं दिसलेलं इकडं बोलायचं नाही आणि इकडचं तिकडं न्यायचं नाही. मुराळ्यानं तोंड उघडलं की दोन घरं मोडतात. वाटेत लेकी रडत, नवऱ्याच्या मारापासून जावेच्या टोमण्यांपर्यंत सगळं सांगत, आणि गावची शीव आली की डोळे पुसून हसऱ्या तोंडानं घरात शिरत. तात्या बैल सोडत आणि गप्प बसत. या गप्प बसण्यानं किती घरं टिकली ते ठाऊक नाही. पण भावकीत तात्यांचा शब्द त्यामुळंच चालायचा आणि त्यांना त्याचा गर्व होता. तो असू नये असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्यांची स्वतःची बहीण हरणाबाई. ती मुरूमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या एका गावात दिलेली. शहाऐंशी सालच्या पंचमीला तात्या तिला आणायला गेले. कडेवर चार वर्षांची लेक, सत्यभामा. वाट लांबची, दोन मुक्कामांची, खड्ड्यांची. गाडीला हिसका बसला की हरणा डावा हात छातीशी धरून दात आवळायची. दोनदा झालं, तिसऱ्यांदा तात्यांनी गाडी थांबवली.

"काय दुखतंय गं?"

ती तोंड फिरवून म्हणाली, "गाठ आलीया, दादा. काखंतबी आलीया. लई दिस झालं."

छातीच्या दुखण्याचं बहिणीनं भावाला सांगायचं, ही त्या काळी केवढी लाज! तिनं ती गिळली, याचा अर्थ दुखणं सोसण्यापलीकडं गेलं होतं. तात्यांनी गोधडी चौघडी करून तिच्या पाठीशी लावली आणि म्हणाले, घरी गेल्यावर बापूंना सांगू, सोलापूरला नेऊ. हरणानं त्यांचं मनगट धरलं.

"घरी सांगू नको. तिकडं कळलं तर दुसरी करतील, मंग ह्या पोरीचं काय? आन धोंडीबाची सोयरीक बघालालेत बापू. घराण्यात असलं दुखणं हाय म्हटल्यावर पोरगी कोण देईल? तुज्या पोटात ऱ्हाऊ दे."

ती गोष्ट तात्यांच्या पोटात राहिली. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात हरणा गेली, सत्तावीस वर्षांची. शेवटी शेवटी दुखणं यकृतापर्यंत पोचलं असावं, डोळे आणि अंग हळदीसारखं पिवळं पडलं होतं, त्यामुळं सासरच्यांनी कावीळ म्हटलं, बापूंनी कावीळ म्हटलं, आणि भावकीत कावीळच झाली. तात्यांनी ते दुरुस्त केलं नाही. पुढच्या वर्षी धोंडीबाचं, त्यांच्या धाकट्या भावाचं, लग्न झालं. सत्यभामा बापाच्या घरीच वाढली. तिच्या लग्नात मामा म्हणून तात्या तिच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता टाकल्या, आणि तिलाही काही सांगितलं नाही.

धोंडीबा दोन हजार तीन साली ट्रॅक्टर उलटून गेला. त्याची तीन लेकरं, युवराज, ज्ञानेश्वरी आणि राजनंदिनी, तात्यांनी आपलीच मानली. भावजय सिताबाई रान बघायची, तात्या बाकीचं. मधली ज्ञानेश्वरी तुळजापूरला दिली. तिचा नवरा सिद्धेश्वर देवीच्या वाटेवर पूजासाहित्याचं दुकान चालवतो. माणूस हिशेबी, पण बायकोला जपणारा. त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे, शिवांजली.

गेल्या माघात ज्ञानेश्वरीच्या छातीत गाठ निघाली. वय तीस. यावेळी कोणी लपवलं नाही. सिद्धेश्वर तिला त्याच आठवड्यात सोलापूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी गाठ तेवढी काढली, बाकीची छाती राखली. आता पंचवीस दिवस शेक द्यायचा, म्हणजे यंत्रातून किरणं सोडायची, असं ठरलं. त्याच्या आधी काढलेली गाठ तपासायला मुंबईला धाडली होती, तिचा अहवाल आला. त्यावर बोलायला हॉस्पिटलनं घरच्यांना बोलावलं. त्या गुरुवारी युवराज, सिद्धेश्वर आणि ज्ञानेश्वरी यांच्याबरोबर तात्याही गेले. गेल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं.

समोर बसलेली शिवप्रिया नावाची मुलगी उमरग्याकडची होती. घराण्यातून उतरणाऱ्या दुखण्यांची माहिती काढायची आणि माणसांना समजेल असं सांगायचं, हे तिचं काम. वयानं राजनंदिनीएवढी दिसत होती आणि तिच्यापुढं बसून युवराज उगाच खाकरत होता.

"पेशी दुभागते तेव्हा आतल्या मजकुराची नक्कल होते," ती म्हणाली. "नकलेत चुका होतातच. चूक झालेल्या पेशीला जागच्या जागी थांबवायचं, दुरुस्त करायचं, दुरुस्त होत नसेल तर मरायला लावायचं, हे काम काही जनुकं करतात. गाठ रोखणारी जनुकं. त्यातलं एक टीपी-५३. सगळ्या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या गाठींत हेच बिघडलेलं सापडतं. ज्ञानेश्वरीताईंच्या गाठीतही ते बिघडलंय."

"मंजे त्यानं गाठ वाढती," युवराज म्हणाला.

"नुसती वाढत नाही, बदलत जाते. थांबवणारं कोणी नसलं की प्रत्येक नवी पेशी नव्या चुका घेऊन येते. वरून एकच गाठ दिसते, पण आत नाना तऱ्हेच्या पेशी असतात. औषधानं त्यातल्या बऱ्याच मरतात. काका, तुम्ही सोयाबीनला तणनाशक मारता ना? दरवर्षी एकच मारलं तर काय होतं?"

"जे त्याला दाद देत न्हाय तेवढंच तण ऱ्हातं," तात्या म्हणाले. "आन मंग रानभर तेच हुतं."

"गाठीतही तसंच होतं. आणि कोणतं जनुक आधी गेलं, कोणतं मागून, यावर गाठ पुढं कोणत्या वाटेला लागणार ते बरंचसं ठरतं. टीपी-५३ शेवटी शेवटी गेलं तर एक वाट, सुरुवातीलाच गेलं तर दुसरी. सुरुवातीलाच गेलं की पुढचं सगळं भराभर विस्कटतं."

हे सांगून तिनं पाण्याचा घोट घेतला. तात्यांना ती मुलगी आवडली होती, कारण तीही त्यांच्यासारखी मुद्द्यावर एकदम येत नव्हती.

"आता आपला प्रश्न एवढाच आहे. हे जनुक ताईंच्या गाठीत मागाहून बिघडलं, की जन्मापासूनच बिघडलेलं होतं? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेकांच्या दोन्ही चांगल्या असतात आणि त्या गाठीतच खराब होतात. पण काही घराण्यांत एक प्रत जन्मतःच खराब येते, अंगातल्या प्रत्येक पेशीत. मग उरलेली एक जिथं गेली, तिथं गाठ. अशा माणसाला शेक शक्यतो देत नाहीत. किरणांनी दुखावलेली पेशी थांबवणारं जनुकच अधू असतं. ती पेशी चुकांसकट जगते, आणि काही वर्षांनी शेकलेल्या जागीच दुसरा कॅन्सर उठू शकतो. तसं असेल तर शेक टाळून पूर्ण छाती काढणं बरं."

ज्ञानेश्वरी ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग कळायचं कसं?"

"रक्तावरून कळतं. पण अहवालाला तीन-चार आठवडे लागतात आणि शेक सोमवारी सुरू व्हायचाय. तुमचं वय कमी, म्हणून मला शंका आहे. पण नुसत्या वयावर शेक लांबवायला डॉक्टर तयार नाहीत, उशीर होण्यातही धोका असतोच. घराण्यात असं दुखणं झालेलं असेल तर मात्र ते नक्की थांबतील. म्हणून विचारते. आजोबा, आजी, चुलते, आत्या, कोणाला?"

"कुणालाच नाही," युवराज झटकन म्हणाला. "आजोबा नव्वदीत गेले. वडील अपघातात. आजी फार पूर्वी गेली, मला माहीत नाही."

"आत्या?"

"एक होती. कावीळ होऊन गेली." युवराजनं तात्यांकडं पाहिलं. "व्हय ना तात्या?"

तात्यांनी मान हलवली. होकाराची हलवली. शिवप्रियानं कागदावर बाईसाठी एक गोल काढला, ती गेली म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली आणि खाली 'कावीळ' असं लिहिलं.

बाहेर आल्यावर तात्यांच्या लक्षात आलं की आपण विचार करायच्या आधीच मान हलली. एवढ्या वर्षांची सवय होती. त्यांनी युवराजला कडेला घेतलं आणि आडून विचारलं, "आन समजा, कुणाला आसलं आसतं तर?"

युवराज खुळा नव्हता. त्यानं क्षणभर तात्यांकडं रोखून पाहिलं. "तात्या, राजनंदिनीची सुपारी फुटलीय. कळंबची माणसं लई चौकस हायती. ज्ञानेश्वरीचंच त्यांना कसंबसं गळी उतरवलंय, एकीला झालं म्हणून. घराण्यातच हाय म्हटलं तर उद्या नारळ परत येईल. आसलं काय न्हाय. आन आसलं तरी आता काढायचं न्हाय."

अडतीस वर्षांपूर्वी छकड्यात जे कारण ऐकलं होतं, तेच हे कारण. तेव्हा धोंडीबाची सोयरीक होती, आता त्याच्या लेकीची. तात्यांना ते तेव्हा पटलं होतं. आताही पटलं, हेच वाईट होतं. शुक्रवार त्यांनी शेळ्यांमागं रामलिंगाच्या डोंगराकडं काढला. हरणाचा विचार करायचा नाही असं ठरवून गेले आणि दिवसभर तिचाच केला. मग तिच्या मागून आणखी एक गोष्ट वर आली. त्यांची आई. तात्या नऊ वर्षांचे असताना ती गेली, पोटात गोळा उठला म्हणून. कसला गोळा, कोणी विचारलं नव्हतं. आई, मग हरणा. आणि मध्ये धोंडीबा, जो दुखणं यायच्या आधीच ट्रॅक्टरखाली गेला. त्याच्यातून ते ज्ञानेश्वरीपर्यंत आलं असेल तर कोणाच्या नजरेत भरणार? दुखणं लेकींबरोबर दुसऱ्यांच्या घरी जात होतं, तिथंच मरत होतं, आणि माहेरच्या खात्यावर कधी चढतच नव्हतं. ते ने-आण करणारा एकच माणूस होता आणि त्यानं तोंड मिटलेलं होतं.

शनिवारी दुपारी तात्या तुळजापूरला ज्ञानेश्वरीच्या दारात उभे राहिले. हातात गाठोडं नव्हतं. ना पंचमी ना दिवाळी, आणि मुराळी दारात, म्हटल्यावर ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. "तात्या, आईला काय झालं का?"

"न्हाय. जावईबापूंना दुकानातून बोलाव."

सिद्धेश्वर हाताचं कुंकू पुसत आला. तात्यांनी या वेळी पावसापाण्याचं काही विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी व्याह्याच्या घरात बसून माहेरची गोष्ट सांगितली. छकडं, काखेतली गाठ, पिवळं पडलेलं अंग, आईच्या पोटातला गोळा.

सिद्धेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तात्या, हे आमच्या लग्नाआधी तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि परवा तिथं मान हलवलीत."

"हलवली."

"मग आज का आलात?"

"सोमवारी शेक हाय म्हणून," तात्या म्हणाले.

सिद्धेश्वर उठून आत गेला. तो आता काय करील, बायकोला माहेरी धाडील का, शिवांजलीला घेऊन वेगळा होईल का, असलं काय काय तात्यांच्या मनात येऊन गेलं. आतून त्याचा फोनवरचा आवाज येऊ लागला. तो शिवप्रियाशी बोलत होता. कोण, किती वर्षांची, कुठं गाठ, एकेक नीट विचारून सांगत होता. ज्ञानेश्वरी तात्यांशेजारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हरणाआत्याला लई दुखत आसंल, न्हाय का?" आणि तात्या रडले. अडतीस वर्षांत हरणासाठी ते रडले नव्हते. रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारचा शेक थांबला. रक्त गेलं. ज्ञानेश्वरीचंही आणि तात्यांचंही, कारण घराण्यात हे कोणाकडून कोणाकडं उतरलं त्याची रेघ शिवप्रियाला लावायची होती. चौथ्या आठवड्यात अहवाल आला. ज्ञानेश्वरीची एक प्रत जन्मापासून खराब होती. तात्यांच्या दोन्ही चांगल्या निघाल्या. आईची ती चूक हरणाकडं गेली, धोंडीबाकडं गेली आणि तात्यांना टाळून गेली. ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

ज्ञानेश्वरीची छाती पूर्ण काढली, शेक दिला नाही. दर वर्षी सगळं अंग तपासायचं ठरलं. शिवांजलीचं रक्त द्यायचं का, यावर नवरा-बायको दोन आठवडे भांडले आणि मग दिलं. त्याचा अहवाल अजून यायचाय. राजनंदिनीच्या दोन्ही प्रती चांगल्या निघाल्या, पण तोवर कळंबची सोयरीक गेली होती. मोडली असं कोणी म्हणालं नाही. मुलाला म्हणे दोन वर्षं लग्नच करायचं नव्हतं, हे त्याला अचानक आठवलं. युवराज तात्यांशी बोलायचा बंद झाला. एकाच ओट्यावर बसून तो दुसरीकडं तोंड करून चहा प्यायचा. सिताबाई दोघांना वाढायची आणि कोणाची बाजू घ्यायची नाही. राजनंदिनीनं मात्र एकदा तात्यांच्या ताटात जादा धपाटं टाकलं आणि म्हणाली, "खावा. त्या पोराची उंचीबी बेतास बातच व्हती."

अहवालाच्या दिवशी शिवप्रियानं आणखी एक विचारलं होतं. "हरणाबाईंना मुलं किती?"

"एकच लेक."

"त्यांनाही निम्मी शक्यता आहे. त्यांना सांगायला हवं, काका. फोनवर नको. कोणीतरी जाऊन सांगा."

दुसऱ्याच दिवशी तात्या निघाले. तीन गाड्या बदलल्या. उमरग्याच्या अलीकडं सत्यभामाचं सासर. घर मोठं, दारात चिंच, सारवलेलं अंगण. ती आता त्रेचाळीस वर्षांची. नवरा मल्लेश रानात गेला होता. मामाला बघून ती हरखली, पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकायला वळली. तात्या म्हणाले, "चहा मागनं. आदी बस."

ती समोर बसली. बसताना उजव्या हातानं जमिनीचा आधार घेतला, डावा अंगाशी धरून ठेवला. तात्यांनी ते पाहिलं.

"तुज्या आईला कावीळ झाली नव्हती," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर सत्यभामा उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली एक फाईल घेऊन आली. सहा वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं. भावकीत सगळ्यांना गर्भपिशवीचं म्हणून सांगितलेलं. तात्यांनाही तेवढंच ठाऊक होतं. बायकांची पिशवी काढणं या भागात इतकं नेहमीचं, की कोणी दुसरा प्रश्नही विचारत नाही.

"पिशवीचं नव्हतं, मामा," ती म्हणाली. "छातीचं व्हतं. लेकीचं लग्न व्हायचं व्हतं, म्हणून आमी तसं सांगितलं. तिसावर शेक घेतले. दोन महिने झालं, तिथंच बरगडीवर कायतरी कठीण लागालालंय. मालकांना अजून बोलले न्हाय."

तिनं फाईल उघडली, पहिला कागद काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तात्यांना चष्म्याशिवाय वाचता येईना.

"वाचून दावते," सत्यभामा म्हणाली. "शेक द्यायच्या आदी त्या डॉक्टरनं मला विचारलं व्हतं. आई कशानं गेली? म्या सांगितलं, कावीळ. मला तेवढंच ठावं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर तात्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी कागद हातात घेतला, उगाच वर-खाली केला, परत ठेवला. माफी मागावी असं वाटलं. पण सत्यभामाला त्या माफीचा काही उपयोग नव्हता.

"मला न्यायला आलाव का?" तिनं विचारलं.

"व्हय. सोलापूरला. त्या पोरीशी बोलून ठिवलंय, उद्या सकाळी बघत्यात."

"आन मालकांना?"

"त्यांना म्या सांगतो. रान कुठल्या अंगाला हाय?"

सत्यभामानं ओढ्याच्या बाजूला हात केला. मग फाईल पिशवीत घालून ती लुगडं बदलायला आत गेली, आणि तात्या टोपी घालून मल्लेशला गाठायला रानाकडं चालू लागले.